बालकांची न भागणारी तहान

(बालदिनानिमित्त पुणे शहरातील एका माता-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आज १४ नोव्हेंबर. पंडित जवाहरलाल नेहरूंचा जन्मदिवस आपण बालदिन म्हणून साजरा करतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. याच तारखेस, १८९१ साली, कॅनडामध्ये फ्रेडरिक बँटिंग या संशोधकाचा जन्म झाला. इन्शुलिनच्या शोधाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले असल्याने हाच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. बालक आणि मधुमेह या दोन शब्दांची सांगड आपल्या मनात सहसा पडत नाही. मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशीचे गृहस्थ उभे राहतात. प्रत्यक्षात हा विकार दीड-दोन वर्षांच्या मुलासही होतो आणि त्याची पहिली खूण बहुधा एकच असते : न भागणारी तहान.

मी डॉक्टर नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि शासनाच्या माहिती खात्यातील एक अधिकारी, एवढीच माझी ओळख. रोग बरा करणे हे माझे काम नव्हे; जाणकारांनी सांगितलेले चार शब्द वेळेवर घरोघरी पोहोचविणे हे माझे काम. ते वेळेवर पोहोचले नाहीत तर काय घडते, हे मी माझ्या शेजारच्या घरात पाहिले आहे.

शेजारच्या घरातील गोष्ट

मुलगी अडीच वर्षांची होती. एप्रिल महिना चालू होता. घरचे सारे म्हणत, "ऊन तापलंय, पोर पाणी मागणारच." पाणपोया लावणारे आपण लोक. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ बांधून शहरातील हौदांपर्यंत पाणी आणले, याचा पुणेकरांना आजही अभिमान वाटतो. तहानलेल्यास पाणी देणे हे पुण्य. त्याला 'तुला इतकी तहान का?' असे विचारण्याची आपली रीत नाही. त्या घरानेही विचारले नाही. मुलगी रात्री तीन-तीनदा उठून पाणी मागू लागली. अंथरूण ओले करण्याची तिची सवय सुटून सहा महिने झाले होते, ती पुन्हा सुरू झाली. आजींनी 'अंगात उष्णता झाली' म्हणून सब्जा भिजवून दिला, वाळ्याचे पाणी दिले, साखर घालून कोकमाचे सरबत दिले. मुलीचा फ्रॉक सैल होऊ लागला, तेव्हा 'उन्हाळ्यात मुले उतरतातच' असे सर्वांनी म्हटले.

बारा-तेरा दिवसांनी तिला उलट्या सुरू झाल्या आणि धाप लागली. एका दवाखान्यात छातीत कफ झाल्याचे निदान होऊन औषध मिळाले. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी हाकेला ओ देईना. मोठ्या रुग्णालयात नेल्यावर तेथील परिचारिकेने तिच्या बोटातून रक्ताचा एक थेंब काढला आणि रक्तातील साखर पाचशेच्या वर असल्याचे अर्ध्या मिनिटात कळले. चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. सुदैवाने वाचली. आज ती शाळेत जाते, खेळते, भांडते आणि इन्शुलिन घेते.

ती घरी आल्यावर आजींनी मला एक प्रश्न विचारला. "तुम्ही माहिती खात्यातले ना? मग ही माहिती आमच्या घरापर्यंत का नाही आली हो?" मला उत्तर देता आले नाही. आजचे माझे भाषण हे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

साधी तहान कशी असते?

प्रथमतः हे स्पष्ट केले पाहिजे, की लहान मुलाने पाणी मागणे ही बहुतेक वेळा अगदी स्वाभाविक गोष्ट असते. सुमारे दहा किलो वजनाच्या मुलास दिवसाकाठी साधारण एक लिटर द्रव लागतो. यात नुसते पाणी धरावयाचे नाही. दूध, वरण, ताक, पेज, फळांतील रस हे सर्व त्यात येते. उन्हाळा असेल, मूल अंगणात धावत असेल, ताप आला असेल, किंवा दिवाळीचा चिवडा-फरसाण पोटात गेला असेल, तर मूल अधिक पाणी मागणार.

अशा साध्या तहानेची ओळख सोपी आहे. तिला कारण असते. पाणी मिळाले की ती भागते. कारण दूर झाले की ती कमी होते. रात्री मूल शांत झोपते, त्याचे वजन वाढत असते आणि त्याचे खेळणे-बागडणे चालू असते.

काही मुलांना पाण्याची नव्हे, तर बाटलीची सवय असते. रडले की बाटली, झोपताना बाटली, आणि तीही पुष्कळदा सरबताची किंवा डब्यातील फळांच्या रसाची. अशा मुलास बाटलीऐवजी पेल्यातून साधे पाणी दिले, तर बहुधा दोन घोटांत त्याचा रस संपतो. गोड पेयांनी भूक मरते व दातही किडतात, म्हणून ही सवय मोडलेली बरी. तथापि पुढे जी लक्षणे सांगणार आहे त्यांपैकी एखादे जरी दिसले, तरी 'सवयच आहे' असे म्हणून स्वस्थ बसू नये.

जुलाबातील तहान

तहानेचे सर्वांत अधिक आढळणारे आजारी कारण म्हणजे जुलाब व उलट्या. अशा वेळी मूल अधाशासारखे पाणी पिऊ लागले, तर त्याच्या शरीरातील पाणी कमी होऊ लागल्याची ती खूण आहे. डोळे खोल जाणे, मूल किरकिरे होणे, पोटाच्या कातडीस चिमटा घेऊन सोडल्यावर ती सावकाश पूर्ववत होणे आणि लघवी कमी होणे, ही तिच्या जोडीची लक्षणे. याच्याही पुढची पायरी अधिक भयंकर असते. त्या पायरीवर मूल पाणी मागतच नाही. ते सुस्त पडते, त्याला पिताही येत नाही. आईला वाटते, तहान भागली. वस्तुतः ती धोक्याची घंटा असते. अशा मुलास तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे.

पहिल्या पायरीवर उपाय आपल्या हाती आहे. जलसंजीवनीची एक लिटरची पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थोडी-थोडी पाजावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट भरलेले सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालावे. मिश्रण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला आणि त्याहून मोठ्या मुलास अर्धा ते एक पेला द्यावा. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावे. झिंकच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस द्याव्यात. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे याच साध्या द्रावणाने असंख्य प्राण वाचविले, हे येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

या संदर्भात एक सावधगिरीची सूचना. बाजारात मिळणारी गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. तसेच मुलास द्यावयाचे पाणी उकळलेलेच असावे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बारी विकाराची जी साथ आली, तिच्या वेळी पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न किती जवळचा आहे, हे आपण अनुभवले आहे.

पाणी आटते, तरी लघवी वाहते

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. जुलाबात शरीरातील पाणी आटते आणि लघवीही आटते. हा निसर्गाचा काटकसरीचा नियम आहे. शरीर पाणी राखून ठेवू पाहते. परंतु एखादे मूल सतत पाणी पीत आहे, तरी त्याचे ओठ सुकलेले आहेत, आणि तरीही त्याचा लंगोट वारंवार जड होत आहे, असे दिसले तर समजावे, की हा काटकसरीचा नियम कोठेतरी मोडला आहे. मातांनो, आजच्या भाषणातील एकच वाक्य लक्षात ठेवावयाचे झाले तर हे ठेवा : तहान वाढली की लघवीकडे पाहा.

असे का घडते? आपण खातो त्या अन्नाची साखर होऊन ती रक्तात उतरते. ती शरीराच्या कणाकणात पोहोचविण्यासाठी स्वादुपिंडातून पाझरणारे इन्शुलिन लागते. काही मुलांमध्ये शरीराची स्वतःची संरक्षणशक्तीच चुकून इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. मग साखर रक्तातच साचत जाते. तिचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे, म्हणजे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेले, की मूत्रपिंडांना ती अडविता येत नाही. साखर लघवीवाटे बाहेर पडते आणि जाताना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, म्हणून तहान लागते. उलट समजू नये. मूल फार पाणी पिते म्हणून फार लघवी करते, असे आपणास वाटते. येथे मात्र फार लघवी होते म्हणून ते फार पाणी पिते.

साखर वाया जात असल्याने मूल खाऊन-पिऊनही वाळत जाते. अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय परत येते. थकवा येतो. मुलीस किंवा मुलास लंगोटाच्या जागी बरी न होणारी बुरशी धरते. लघवी केलेली फरशी चिकट लागते आणि तेथे मुंग्या जमतात. मुंग्यांची ही खूण आपल्याकडे नवी नाही. प्रमेहाचे पूर्वलक्षण म्हणून ती चरकसंहितेत नोंदलेली आहे. अर्थात मुंग्या आल्या नाहीत म्हणजे विकार नाही, असे मात्र समजू नये.

याकडे दुर्लक्ष झाले तर शरीर इंधन म्हणून चरबी जाळू लागते व त्यातून रक्तात आम्ल साचते. मग उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी आणि अखेर बेशुद्धी, असा क्रम लागतो. मूल जितके लहान, तितका हा प्रवास वेगाने होतो. त्यास तक्रार सांगता येत नाही, आणि लंगोटातील लघवीची वाढ कोणाच्या ध्यानी येत नाही. धाप पाहून न्यूमोनियाचा, उलट्या पाहून अपचनाचा समज होतो. माझ्या शेजारच्या घरात नेमके हेच घडले.

एक थेंब रक्त

अशी शंका आल्यास काय करावे? त्याच दिवशी, उपाशीपोटी वगैरेची वाट न पाहता, रक्तातील साखर तपासून घ्यावी. बोटातून एक थेंब रक्त काढून साखर मोजणारे छोटे यंत्र आता गल्लीतील बहुतेक दवाखान्यांतही असते. डॉक्टरांनी स्वतःहून सुचविले नाही, तर आपण विनयाने म्हणावे, "डॉक्टर, याची तहान आणि लघवी दोन्ही वाढली आहेत, साखर तपासता का?" असे विचारण्यात कोणाचाही अवमान नाही. लक्षणे आहेत आणि साखर २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे किंवा ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात जावे. सोमवारची किंवा पगाराची वाट पाहू नये. उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, तहान कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नये. ज्या मुलाच्या शरीरातून पाणी वाहून जात आहे, त्याचे पाणी बंद करणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. दुसरी, अशा मुलास सरबत, ग्लुकोज किंवा फळांचा रस देऊ नये. तपासणी होईपर्यंत साधे पाणी द्यावे.

साखर योग्य प्रमाणात आढळली आणि तरीही तहान व लघवी वाढलेलीच राहिली, तर शोध थांबवू नये. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून मूत्र आवरून धरणारा एक स्राव येतो. तो कमी पडला, किंवा मूत्रपिंडांनी त्यास दाद दिली नाही, तर पाण्यासारखी पातळ लघवी सतत होते. नाव 'डायबेटिस इन्सिपिडस' असे असले, तरी या विकाराचा साखरेशी संबंध नसतो. असे मूल रात्री पाण्यासाठी उठते आणि पेला मिळाला नाही तर बादलीतीलही पाणी पिते. हा विकार विरळा असला तरी तज्ज्ञांकडे त्यास औषध आहे. मूत्रपिंडांच्या इतर काही विकारांतही तहान वाढते. म्हणून रक्ताबरोबर लघवीचीही तपासणी करून घ्यावी.

दोष कोणाचाही नाही

मुलास मधुमेह झाला असे कळताच घरात पहिला प्रश्न उठतो : कोणाचे चुकले? आईने गर्भारपणी गोड खाल्ले काय? आजीने पेढे भरविले काय? या प्रश्नांना एकच उत्तर आहे. कोणाचेही चुकलेले नाही. मुलांचा हा मधुमेह, ज्यास टाइप १ म्हणतात, गोड खाण्याने होत नाही, दृष्ट लागल्याने होत नाही आणि तो संसर्गजन्यही नाही. पुण्याचे नाव मधुमेहाच्या संशोधनात जगभर घेतले जाते. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील गावांत माता व बालकांचा दीर्घ अभ्यास केला. तो मुख्यतः पुढे प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाविषयी आहे. आपण बोलतो आहोत तो विकार निराळा. त्यात आहार-व्यायाम आवश्यक असले तरी इन्शुलिनवाचून गत्यंतर नाही.

शंभर वर्षांपूर्वी असे मूल वर्ष-दोन वर्षांत दगावत असे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास पहिले इन्शुलिन टोचले गेले आणि तो आणखी तेरा वर्षे जगला. आज तर नियमित इन्शुलिन घेणारी मुले शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. जहांगीर रुग्णालयाच्या परिसरातील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत अशा मुलांच्या वाढीचा अभ्यास झाला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ मध्ये या विकाराच्या उपचारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. म्हणून कोणी 'सुई सोडा, आम्ही मुळापासून बरे करतो' असे म्हटल्यास त्याच्या नादी लागू नये. इन्शुलिन बंद केल्याने थोड्याच दिवसांत मूल पुन्हा मृत्यूच्या दारात जाते. आणि मुलगी आहे म्हणून हा आजार लपविणे, किंवा तिच्या लग्नाच्या काळजीने उपचारांत कुचराई करणे, हे तिच्यावर दुहेरी अन्याय करणे होय.

भित्तिपत्रकाचे सामर्थ्य

शेवटी माझ्या व्यवसायाच्या जिव्हाळ्याची एक हकीकत सांगतो. इटलीमध्ये पार्मा नावाचा एक प्रांत आहे. तेथे १९९१ साली शाळांतून आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांतून एक साधे भित्तिपत्रक लावण्यात आले. मूल फार पाणी पिते काय? फार लघवी करते काय? पुन्हा अंथरूण ओले करू लागले आहे काय? या आशयाचा मजकूर त्यावर होता. डॉक्टरांना साखर मोजण्याची साधनेही देण्यात आली. त्यापूर्वी त्या प्रांतात मधुमेहाचे निदान होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी ७८ मुले रक्तात आम्ल साचलेल्या गंभीर अवस्थेत रुग्णालयात येत. पुढील काही वर्षांत हे प्रमाण शेकडा साडेबारावर आले. नवे औषध निघाले नव्हते. फक्त योग्य माहिती योग्य भिंतीवर लागली होती.

पार्म्यात जे भिंतीने केले, ते आपल्याकडे अंगणवाडी सेविका आणि आशा भगिनी अधिक चांगले करू शकतील. भिंत बोलत नाही, तुम्ही बोलता. तुम्ही दरमहा मुलांचे वजन घेता. वजन घटलेले दिसले की 'खात नाही का?' असे आपण विचारतोच. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारा : 'पाणी फार पितो का? लघवी फार होते का?' दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर त्या मुलास त्याच दिवशी तपासणीस पाठवा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, त्यांच्याही कानावर ही गोष्ट घाला. मात्र अशा मुलासाठी त्यांच्या पुढील भेटीची वाट पाहू नका.

आणि मातांनो, आज घरी गेल्यावर शेजारणीला, नणंदेला, मुलास सांभाळणाऱ्या बाईंना आणि मुख्य म्हणजे आजींना ही गोष्ट सांगा. लंगोट बदलण्याचे आणि रात्री पाण्याचा पेला देण्याचे काम बहुधा त्याच करतात, आणि पहिली खूण त्यांच्याच हाताला लागते.

तहानलेल्या बालकास पाणी द्या, अवश्य द्या. पण पेला रिकामा झाल्यावर क्षणभर त्याच्याकडे पाहा आणि मनाशी विचारा, की ही तहान कशाची? उत्तर सापडले नाही तर तपासणीसाठी उद्याची वाट पाहू नका.



जय हिंद! जय महाराष्ट्र!